हगवण नव्हती, तरी जंतच: सांगोल्यातल्या गाभण मेंढ्यांचं एक प्रकरण

सांगोला तालुक्यात आटपाडीच्या बाजूला असलेल्या एका वाडीवरचा हा कळप. लहानमोठी धरून नव्वदेक मेंढरं. निम्म्याहून जास्त माडग्याळ रक्ताची, बाकी काळी दख्खनी. जूनच्या पहिल्या पावसानंतर मेंढे कळपात सोडलेले, म्हणजे बहुतेक मेंढ्या नोव्हेंबरच्या मध्यापासून विणार होत्या. मला बोलावणं आलं ते ऑक्टोबरच्या मध्यात. दोन मेंढ्यांनी गाभ टाकला होता, एक सकाळी वाघरीत, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणात, मेलेली सापडली होती, आणि चार-पाच मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरलं होतं. संध्याकाळी चरून आल्यावर ती सूज जास्त दिसायची, सकाळी ओसरलेली वाटायची.

मालक साठीच्या पुढचे, सगळा वाडा त्यांना तात्या म्हणतो. त्यांचा अंदाज पक्का होता: बंधाऱ्याचं पाणी लागलंय, गोगलगायीमुळं यकृतात चपट्या अळ्या झाल्यात. जंत गोलच आहेत की चपटे हे बघायला हवं असं मी म्हटल्यावर त्यांनी सरळ विचारलं, ‘डॉक्टरसाहेब, लेंड्या गोळीसारख्या घट्ट हाएत. हगवण न्हाई तर पोटात जंत कुठनं येतील?’

याच प्रश्नापाशी हे सगळं प्रकरण अडलेलं होतं. सोलापूर जिल्ह्यातले बहुतेक मेंढपाळ जंत म्हणजे हगवण असंच समीकरण धरून बसलेले असतात, आणि त्यात त्यांची चूक फारशी नाही. बऱ्याच जंतांनी हगवण होतेच. पण मेंढीला सगळ्यात जास्त मारणारा जंत, हिमोंकस कंटॉर्टस, तो एकटा असेल तर हगवण लावत नाही. तो मेंढीच्या चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात राहतो आणि रक्त पितो. लेंडी घट्टच राहते, उलट कधी कधी बद्धकोष्ठ होतं. मेंढी खात राहते, चालत राहते, कळपाबरोबर दिवसभर पाच-सात किलोमीटर फिरते आणि एका सकाळी उठत नाही.

पापणी आणि वजन

सगळा कळप वाघरीच्या तोंडाशी अडवून एकेक मेंढीची खालची पापणी उलटून पाहिली. यासाठी दक्षिण आफ्रिकेत तयार झालेलं फमाचा कार्ड वापरतात. त्यावर पापणीच्या आतल्या रंगाच्या पाच पायऱ्या आहेत. 1 म्हणजे लालभडक, 5 म्हणजे कागदासारखी पांढरी. उजेड उन्हाचा हवा, आणि पापणी उघडी धरून ठेवायची नाही. धरून ठेवली की रक्त साकळतं आणि रंग फसवा दिसतो. पाहायचं ते डोळ्याचं बुबुळ नाही, डोळ्याचा पांढरा भागही नाही, पापणीच्या आतली ओलसर कड.

चित्र स्वच्छ होतं. भाकड मेंढ्या, मेंढे आणि मोठी कोकरं बहुतेक 1 किंवा 2 वर. गाभण मेंढ्यांमध्ये मात्र 3, 4 आणि 5 चीच गर्दी. ज्यांच्या पोटात जुळं असावं असं हाताला लागत होतं, त्या सगळ्यात फिक्या. तात्यांनी काही वर्षांपूर्वी फलटणच्या निंबकर संस्थेच्या सुवर्णा जातीचा मेंढा वापरला होता. गरोळ मेंढीतला जुळ्यांचा फेक-बी जनुक दख्खनीत आणून ती जात तयार झाली, आणि या कळपात तेव्हापासून जुळी वाढलेली आहेत. जुळं म्हणजे दुप्पट उत्पन्न हे खरंच, पण ते पोटात असताना आईच्या अंगातून किती जातं याचा हिशेब फार कोणी मांडत नाही.

पाठीच्या कण्यावर हात फिरवला तर हाडं टोचत होती. चारा कमी नव्हता. सप्टेंबरचा पाऊस चांगला झालेला, माळावर गवत हिरवं होतं. हिरवळ असून मेंढ्या खंगतायत, यावरून तात्यांना करणीचीही शंका आली होती, पण ते घरातल्या बाईमाणसांचं बोलणं म्हणून त्यांनी पुढं फार ताणलं नाही.

मेलेली मेंढी

मेलेली मेंढी अजून पुरलेली नव्हती, ती तिथंच उघडली. पोटावरचा लोकरीचा थर बाजूला करून चिरा घेतला तेव्हा रक्त पाण्यासारखं पातळ आलं, मुठीत धरलं तर बोटांना रंग धरेना. मूत्रपिंडाभोवतीची चरबी जिरून तिच्या जागी पाणचट चिकट द्रव होता. पोटात दोन कोकरं, पूर्ण वाढत आलेली, केस फुटलेली. यकृत फिकं होतं, पण कापून पित्तनलिका दाबल्या तर चपटी अळी एकही निघाली नाही. तात्यांना हे मुद्दाम दाखवलं.

मग चौथं पोट उघडलं. आतलं पाणी विटकरी रंगाचं आणि त्यात दोन-अडीच सेंटीमीटर लांबीचे धाग्यासारखे जंत वळवळत होते. मादी जंताचं रक्तानं भरलेलं लाल आतडं आणि त्याभोवती पांढरा गर्भाशय असा पिळलेला दिसतो, की लाल-पांढऱ्या दोन धाग्यांचा पीळ वाटावा. पोटाच्या अस्तरावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके होते. तात्या खाली वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘एवढं रगत पितंय व्हय हे?’

पितो तेवढंच. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर रक्त पितो. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण पोटात एक हजार जंत असतील तर रोज 50 मिलिलिटर जातं, आणि 35 किलोच्या मेंढीच्या अंगात सगळं मिळून सव्वादोन लिटरच्या आसपास रक्त असतं. त्यात पोटात दोन कोकरं, ज्यांच्या वाढीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग शेवटच्या सहा आठवड्यांत होतो. रक्तातली प्रथिनं संपत जातात, रक्तवाहिन्यांत पाणी टिकत नाही, ते सगळ्यात खालच्या जागी उतरतं. दिवसभर मान खाली घालून चरणाऱ्या मेंढीच्या बाबतीत ती जागा म्हणजे जबडा. संध्याकाळी सूज वाढते आणि रात्री ओसरते त्याचं कारण हेच.

लेंड्यांची मोजणी

गाभण मेंढ्यांच्या आणि भाकड मेंढ्यांच्या लेंड्या वेगवेगळ्या गोळा केल्या. जमिनीवरच्या नव्हे, थेट गुदद्वारातून, नाहीतर कोणाची लेंडी कोणाची ते कळत नाही. मॅकमास्टर पद्धतीत 3 ग्रॅम लेंडी मिठाच्या संपृक्त पाण्यात, 42 मिलिलिटरमध्ये कालवून गाळतात, खास काचपट्टीच्या दोन कप्प्यांत भरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या अंड्यांना 50 नं गुणतात. ग्रॅममागे अंडी किती ते निघतं. गाभण गटात आकडे दोन हजारांच्या वर, काहींचे पाच हजारांच्याही वर. भाकड गटात चारशेच्या आत. एकाच माळावर चरणाऱ्या, एकच पाणी पिणाऱ्या, एकाच वाघरीत झोपणाऱ्या मेंढ्या.

चपट्या अळ्यांची अंडी जड असतात, ती मिठाच्या पाण्यात वर येत नाहीत, म्हणून त्यासाठी गाळ बसवून वेगळी तपासणी केली. सोनेरी पिवळं अंडं एकाही नमुन्यात नव्हतं. उजनीच्या कालव्याच्या आणि फुगवट्याच्या पट्ट्यात, माढा-करमाळ्याकडं, जिथं वर्षभर ओल आणि गोगलगायी असतात, तिथं तात्यांचा अंदाज पहिल्यांदा धरायला हवा. या कोरड्या माळावर तो बसत नव्हता.

गाभणपणातच का

मेंढी एरवी जंतांशी जुळवून घेते. लहानपणापासून झालेल्या संसर्गानं तिच्या अंगात एक प्रतिकार तयार झालेला असतो. तो जंतांना पूर्ण हाकलत नाही, पण त्यांना वाढू देत नाही, अंडी कमी घालायला लावतो. विण्याच्या दोन ते चार आठवडे आधीपासून हा आवर सुटतो आणि व्याल्यावर सहा-आठ आठवडे सुटलेलाच राहतो. यामागं संप्रेरकांचा भाग असतो, पण मोठा वाटा प्रथिनांचा आहे. मेंढीच्या शरीरात येणारं प्रथिन आधी पोटातल्या कोकराला आणि कासेला जातं, प्रतिकारशक्तीच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. म्हणून जुळी असलेल्या मेंढ्या जास्त फिक्या, आणि म्हणूनच भाकड मेंढ्या त्याच कळपात ठणठणीत.

परदेशी पुस्तकांत याला वसंतातली वाढ म्हटलेलं आढळतं, कारण तिकडं हिवाळाभर पोटात सुप्त राहिलेल्या अळ्या वसंतात, विण्याच्या हंगामातच जाग्या होतात. सोलापूरचं गणित निराळं आहे, आणि माझ्या मते जास्त वाईट. आपल्याकडं वर्षाचा पाऊस पाच-साडेपाचशे मिलिमीटर, त्यातला सगळ्यात मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो. ऊब आणि ओल असली की लेंडीतल्या अंड्यापासून संसर्ग करणारी अळी आठवड्याभरात तयार होते. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माळावरच्या गवतात अळ्या सगळ्यात जास्त, आणि जूनच्या पावसावर फळलेल्या मेंढीचे शेवटचे दोन महिने नेमके तेच. मेंढीचा आवर सुटायला आणि माळ अळ्यांनी भरायला एकच मुहूर्त लागतो.

दोनदा औषध, तरीही

तात्यांनी जंताचं औषध दिलं नव्हतं असं नाही. मेच्या अखेरीस पाऊस पडायच्या आधी एकदा, गणपतीनंतर एकदा. दोन्ही वेळा अल्बेंडाझोल, एका औषधाच्या दुकानातून लिटरच्या बाटलीतलं, मोठ्या-लहान सगळ्या मेंढरांना टोपणानं सारखंच. यात तीन गोष्टी गुंतलेल्या आहेत.

टोपणानं सारखं दिलेलं औषध 20 किलोच्या कोकराला पुरतं आणि 45 किलोच्या माडग्याळ मेंढीला निम्मं पडतं. कमी पडलेलं औषध जंत मारत नाही, निवडतं: कच्चे मरतात, चिवट उरतात.

मेमधला डोस मला जास्त खटकतो, कारण तो सरकारी पत्रकांपासून दुकानदारापर्यंत सगळेच सुचवतात आणि कागदावर तो शहाणपणाचाच वाटतो. पण मेमध्ये सोलापूरच्या माळाचा विचार करा. पारा 40 च्या वर, गवत जळालेलं, बाहेर अळी जगत नाही. त्या वेळी कळपातले जवळजवळ सगळे जंत मेंढरांच्या पोटातच असतात. अशा वेळी झाडून सगळ्यांना एकच औषध दिलं तर वाचतात ते फक्त त्या औषधाला न जुमानणारे. पहिल्या पावसात माळावर जी अंडी पडतात ती त्यांची. वर्षानुवर्षं हे झालं की औषध पाण्यासारखं होतं. म्हणून त्या हंगामात द्यायचंच तर फक्त फिक्या पापणीच्या मेंढ्यांना द्यावं, बाकीच्यांच्या पोटातले साधे जंत राहू द्यावेत, त्यांची औलाद चिवट जंतांच्या औलादीत मिसळू द्यावी. मेंढपाळाला ‘काही जंत राहू दे’ म्हणणं सोपं नसतं. तात्यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता.

तिसरी गोष्ट दुकानाची नाही, वेळेची. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देऊ नये, त्यानं गर्भात व्यंग येऊ शकतं. मेमधला डोस मेंढे सोडायच्या आधीचा होता म्हणून निभावलं. तो पंधरा-वीस दिवसांनी पुढं गेला असता तर नुकत्या फळलेल्या मेंढ्यांना बसला असता, आणि ‘पावसाळ्याच्या तोंडावर’ या मोघम सल्ल्यात तशी चूक दरवर्षी कुणाची ना कुणाची होतेच.

औषध खरंच लागू पडत नाही का, हे नुसत्या संशयावर सोडायचं नव्हतं. गाभण नसलेल्या तरण्या मेंढ्या आणि मोठी कोकरं यांतल्या दहा जणांना वजन करून, पूर्ण मात्रेत अल्बेंडाझोल दिलं आणि डोसाच्या आधी व दहा-बारा दिवसांनी अंडी मोजली. चांगल्या औषधानं अंडी 95 टक्क्यांहून जास्त घटायला हवीत. इथं निम्मीही घटली नाहीत.

उपचार

त्या मोजणीचा निकाल येईपर्यंत गाभण मेंढ्या थांबू शकत नव्हत्या. पापणी 3, 4 किंवा 5 असलेल्या सगळ्या गाभण मेंढ्यांना क्लोसँटेल तोंडावाटे दिलं, किलोला 10 मिलिग्रॅम. भाकड जनावरांत 3 ला थांबता येतं, गाभण आणि व्यालेल्या मेंढीत थांबू नये. क्लोसँटेल रक्त पिणाऱ्या जंतांवर चांगलं चालतं, चपट्या अळ्यांवरही चालतं, पण जास्त झालं तर मेंढी आंधळी होते. म्हणून टोपण बाजूला ठेवलं आणि वजनकाटा आणून प्रत्येकीचं वजन केलं. पाजताना एकानं मेंढी दोन पायांत धरायची, डोकं फार वर उचलायचं नाही, पिचकारीचं तोंड गालाच्या कोपऱ्यातून जिभेच्या मुळाशी न्यायचं. डोकं आभाळाकडं केलं की औषध फुप्फुसात जातं. पोटुशी मेंढी उताणी करायची नाही, शिंगाला किंवा लोकरीला धरून ओढायची नाही. बाटलीवर लिहिलेला काळ संपेपर्यंत त्यातली एकही मेंढी खाटकाला विकायची नाही, हेही बजावलं.

एक मेंढी खाली बसली होती. पापणी पांढरी होतीच, पण लघवीच्या पट्टीवर कीटोनही निघाले. रक्त कमी झाल्यानं खाणं कमी, खाणं कमी म्हणून अंगातली चरबी जळायला लागलेली, पोटात जुळं. असे दोन आजार एकमेकांना धरून येतात आणि नुसतं जंताचं औषध देऊन सुटलं असं वाटतं. तिला शिरेतून ग्लुकोज, तोंडावाटे प्रोपिलीन ग्लायकॉल दिलं, शेवटी इंजेक्शन देऊन वेत उरकून घेतलं. कोकरं जगली नाहीत, मेंढी उभी राहिली.

खाण्याचं मी औषधाइतकंच लावून धरलं. गाभण मेंढ्या संध्याकाळी वेगळ्या करून दर मेंढीला रोज 200 ते 250 ग्रॅम खुराक: मक्याचा भरडा, तुरीची चुणी आणि त्यात शेंगदाणा पेंड. पेंड महाग पडते म्हणून तात्या कुरकुरले. पण प्रथिन मिळालं तर मेंढीचा स्वतःचा प्रतिकार काही अंशी परत येतो, अंडी कमी पडतात, आणि हे काम कुठल्याही बाटलीनं होत नाही. चरायला खालच्या ओलसर पट्ट्याऐवजी बाभळी-बोरीचा माळ धरायला सांगितला. अळ्या गवताच्या बुडाशी, जमिनीलगतच्या काही सेंटीमीटरमध्ये जास्त असतात. झाडपाला ओरबाडणाऱ्या मेंढीच्या तोंडात त्या येत नाहीत. दव वाळेपर्यंत कळप सोडायचा नाही, हे मात्र त्यांनी निम्मंच पाळलं, कारण उशिरा सोडलं तर ऊन चढायच्या आत पोट भरत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि तेही खोटं नव्हतं.

दिवाळीत हुलजंतीची महालिंगरायाची यात्रा करून वाडा खाली उसाच्या पट्ट्याकडं शेतात बसवायला न्यायचा त्यांचा दरवर्षीचा शिरस्ता. फिक्या मेंढ्यांना त्या चालीतून वगळून घरीच ठेवायला सांगितलं. घरचा थोरला मुलगा यासाठी मागं राहिला.

काय हाती लागलं, काय नाही

दोन आठवड्यांनी पुन्हा लेंड्या तपासल्या तेव्हा क्लोसँटेल दिलेल्या मेंढ्यांची अंडी जवळजवळ शून्यावर आली होती. जबड्याखालची सूज त्याआधीच ओसरली. पापणीचा रंग मात्र हळूहळू परतला, रक्त भरायला वेळ लागतो. औषधानंतरही आणखी एक मेंढी दगावली, ती 5 वर होती आणि बहुधा उशीर झालेला होता. बाकीच्या वेळेवर व्याल्या. जुळी कोकरं हलकी निघाली, काहींच्या आईला चीक कमी होता, त्यांना दुसऱ्या मेंढीचा चीक बाटलीनं पाजला.

या जंताची अळी आईच्या पोटातून किंवा दुधातून कोकरात जात नाही, त्यामुळं जन्माला आलेलं कोकरू जंतमुक्तच असतं. त्याला संसर्ग होतो तो गवत खायला लागल्यावर, आणि त्या गवतावर अंडी टाकलेली असतात त्याच्याच आईनं. ग्रॅममागे 3,000 अंडी असलेली मेंढी दिवसाला किलोभर लेंड्या टाकते असं धरलं तर तीस लाख अंडी होतात. म्हणून कोकरं महिन्या-दीड महिन्याची झाल्यावर त्यांना आयांच्या जुन्या माळावर नेऊ नका, काढणी झालेल्या तुरीच्या किंवा ज्वारीच्या रानात चारा, असं सांगितलं. हे त्यांनी पूर्ण पाळलं, कारण धसकटं चारायची सवय तशीही होती.

गाभ टाकलेल्या दोन मेंढ्यांचं कोडं सुटलेलं नाही. पहिला गर्भ कुत्र्यांनी नेला, दुसरा पुरून झाला होता, वार मिळाली नाही. दोघींच्या रक्ताची, गाभ टाकायला लावणाऱ्या ब्रुसेला जिवाणूसाठी, ‘रोज बेंगाल’ नावाची चाचणी केली, ती नकारात्मक आली. टॉक्सोप्लाझ्मा असेल का? असू शकतं, पेंडीच्या पोत्यांवर मांजर झोपायचं आणि मांजराच्या विष्ठेतून तो परजीवी पसरतो. पण गर्भ किंवा वार हाती असल्याशिवाय ते ठरवता येत नाही. इतकं रक्त कमी झाल्यावर मेंढी त्यानंही गाभ टाकू शकते, तरी सगळं हिमोंकसच्या माथी मारणं मला पटत नाही. खबरदारी म्हणून पोती झाकायला लावली, गाभ टाकलेल्या मेंढ्या वेगळ्या बांधल्या, आणि घरातल्या गरोदर सुनेनं वेत काढायला किंवा वार उचलायला हात लावायचा नाही असं तात्यांच्या बायकोला सांगितलं. ब्रुसेला आणि टॉक्सोप्लाझ्मा दोन्ही माणसाला होतात. पुढच्या वेळी गर्भ पडला तर हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचलायचा, बर्फात ठेवायचा आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणायचा, तिथून तो पुण्यात औंधच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो.

पुढच्या जूनसाठी ठरलं ते असं. मेंढे सोडायच्या आधी सगळ्यांची पापणी बघायची, फिक्यांनाच औषध द्यायचं आणि अल्बेंडाझोल या कळपात बंद. क्लोसँटेलही दरवर्षी सगळ्यांना द्यायचं नाही, नाहीतर पाच-सात वर्षांनी त्याचीही तीच गत होईल. विण्याच्या महिनाभर आधीपासून पेंड सुरू. आणि कानाला खूण: ज्या मेंढीला औषध लागेल तिच्या कानाला दर वेळी एक पक्का ठिपका. वर्षाअखेर ज्यांच्या कानावर ठिपके जास्त त्या सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात काढायच्या, आणि ज्यांच्या कानावर एकही नाही त्यांचीच कोकरं वाढवायला ठेवायची. तात्यांनी यातलं शेवटचं लगेच मान्य केलं. अट एकच घातली, त्यांची एक जुनी दख्खनी मेंढी, जी दरवर्षी फिकी पडते आणि दरवर्षी जुळं देते, ती विकायची नाही. ती कळपात आहे.